क्लॉज की फ्रेज : उत्तर दर वेळी कुठे चुकतं आणि दुरुस्त कसं करायचं

तक्रार नेहमीची आहे. इंग्रजी व्याकरणातली व्याख्या पाठ असते: कर्ता आणि क्रियापद असलेला शब्दसमूह म्हणजे क्लॉज, नसलेला म्हणजे फ्रेज. वहीतली वाक्यं बरोबर सुटतात. मग पेपरात ‘द मॅन सेलिंग वडापाव नीअर द स्टेशन’ एवढ्या भागाखाली रेघ येते आणि मुलगा छातीठोकपणे ‘क्लॉज’ लिहून मोकळा होतो. का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: माणूस हा कर्ता, विकणं ही क्रिया, झालं की! पुढच्या प्रश्नात ‘शी लाफ्ड’ येतं. ते दोनच शब्दांचं, म्हणून ‘फ्रेज’. दोन्ही उत्तरं चूक.

लांबीचं भूत आधी उतरवू. ‘शी लाफ्ड’ दोन शब्दांत पूर्ण क्लॉज आहे. ‘अंडर द ओल्ड बनियन ट्री बिहाइंड द बस स्टँड’ नऊ शब्दांचं असूनही फ्रेजच. शब्द मोजून काही हाती लागत नाही. ‘अर्थ पूर्ण होतो का’ हा प्रश्नही इथे कामाचा नाही, कारण ‘बिकॉज शी लाफ्ड’चा अर्थ अपुरा राहतो, तरी तो क्लॉज आहे.

खरी गळती व्याख्येतल्या ‘क्रियापद’ या शब्दात आहे. तिथे कुठलाही क्रिया दाखवणारा शब्द चालत नाही, काळ चिकटलेलं रूपच लागतं. इंग्रजीत त्याला फायनाइट व्हर्ब म्हणतात. ‘सेलिंग’मध्ये विकण्याची क्रिया आहे, पण ती आज चालली आहे, काल चालली होती की उद्या चालणार आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. ते कळत नाही तोवर क्लॉज नाही.

काळ बदलून बघा

चाचणी सोपी आहे. पूर्ण वाक्य आजचं असेल तर कालचं करा आणि कोणता शब्द रूप बदलतो ते बघा.

‘द मॅन सेलिंग वडापाव नीअर द स्टेशन रिमेंबर्स माय फादर.’ स्टेशनजवळ वडापाव विकणाऱ्या माणसाला माझे वडील आठवतात. आता कालचं करा: ‘द मॅन सेलिंग वडापाव नीअर द स्टेशन रिमेंबर्ड माय फादर.’ रिमेंबर्सचं रिमेंबर्ड झालं, सेलिंग जागचं हललं नाही. म्हणजे फायनाइट एकच, क्लॉज एकच, आणि सेलिंगपासून स्टेशनपर्यंतचा तुकडा फ्रेज.

आता ‘हू’ घालू. ‘द मॅन हू सेल्स वडापाव नीअर द स्टेशन रिमेंबर्स माय फादर.’ कालचं केलं की ‘सेल्स’चं ‘सोल्ड’ होतं आणि ‘रिमेंबर्स’चं ‘रिमेंबर्ड’. दोन शब्द हलले, म्हणून दोन क्लॉज. अर्थ तोच, माणूस तोच, वडापावही तोच. बदललं फक्त क्रियापदाचं रूप, आणि उत्तर त्या रूपावरच ठरतं.

ही चाचणी कागदावर अशी चालवा:

१. दिलेल्या वाक्यातल्या प्रत्येक क्रियादर्शक शब्दाभोवती गोल करा. इंगवाले, टुवाले, एडवाले, सगळे. ‘हॅज बीन वेटिंग’ असा गट असेल तर त्याला मिळून एकच गोल. त्यातला फक्त पहिला शब्द काळ वाहतो.

२. काळ बदला. जो गोल हलत नाही तो खोडून टाका.

३. उरलेल्या प्रत्येक गोलाला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा. उत्तर त्याच तुकड्यात सापडलं पाहिजे. ‘रिमेंबर्स माय फादर’ एवढाच तुकडा दिला तर त्यात फायनाइट आहे, पण कर्ता बाहेर राहिला. तो क्लॉज नाही, क्लॉजचा उत्तरार्ध आहे. अपवाद आज्ञेचा: ‘शट द डोअर’ यात ‘यू’ गृहीत असतो, म्हणून तो पूर्ण क्लॉज.

चाचणी अडते अशा तीन जागा आहेत. ‘मस्ट’चं कालचं रूपच नाही, आणि ‘शुड’, ‘माइट’ यांचंही गणित सरळ नाही. पण कॅन, मे, मस्ट, शुड यांच्या गटातला शब्द नेहमी फायनाइटच असतो, तेव्हा तो दिसला की गोल पक्का करा. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ कालही तसेच आणि आजही तसेच. तिथे उलट जा: कर्ता ‘ही’ करून पुढे ‘एव्हरी डे’ लावा. ‘ही कट्स द केक एव्हरी डे’ असा एस चिकटला तर फायनाइट. तिसरी जागा अपॉस्ट्रॉफीची. ‘शीज’, ‘दे आर’चं जोडरूप, ‘आयल’ यांत क्रियापद चिन्हाच्या आड दडलेलं असतं. तिथे जोडरूप फोडून लिहा, मगच गोल करा. ‘हूज’ तर ऐकायला एकच आणि लिहायला दोन: अपॉस्ट्रॉफीचं असेल तर त्यात ‘इज’ किंवा ‘हॅज’ आहे, सलग लिहिलेलं असेल तर ते ‘ज्याचा’ आहे आणि क्रियापद पुढे शोधावं लागतं.

मराठीत आणून पाहू नका

इंग्रजी वाक्य मनात मराठीत आणायचं आणि तिथे क्लॉज शोधायचा, ही सवय बहुतेकांना असते. बाकी ठिकाणी ती उपयोगी असेल, इथे हमखास दगा देते. ‘द बॉय स्टँडिंग नीअर द गेट’ आणि ‘द बॉय हू इज स्टँडिंग नीअर द गेट’ या दोन्हींचं सहज मराठी एकच होतं: गेटजवळ उभा असलेला मुलगा. पहिल्यात स्टँडिंगपासूनचा तुकडा फ्रेज आहे, दुसऱ्यात हूपासूनचा क्लॉज. भाषांतर केलं की नेमका हाच फरक पुसला जातो, आणि मग उत्तर अंदाजाने द्यावं लागतं.

उलटंही होतं. ‘पाऊस थांबल्यावर मुलं मैदानात गेली’ हे मराठीत केवल वाक्य. ‘थांबल्यावर’ हे धातुसाधित, ‘गेली’ हे एकच क्रियापद. याचं सरळ इंग्रजी ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, द चिल्ड्रन वेंट टु द ग्राउंड’ असं होतं, आणि ते कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र वाक्य आहे, कारण ‘स्टॉप्ड’ फायनाइट आहे. मराठीच्या हिशोबाने ‘सिम्पल’ लिहिणारे इथेच गुण घालवतात. याच वाक्याची इंग्रजीत आणखी दोन रूपं होतात. ‘आफ्टर द रेन’ ही साधी फ्रेज. ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड’ ही जरा फसवी: तिला स्वतःचा कर्ता आहे, पण ‘हॅविंग’ काळाबरोबर हलत नाही, म्हणून शाळेच्या व्याकरणात ती फ्रेजच. तिला ॲब्सोल्यूट फ्रेज म्हणतात.

गंमत म्हणजे हा भेद मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा केलेला असतो. ‘पाऊस पडला तर पीक चांगलं येईल’ हे मिश्र वाक्य आणि ‘पाऊस पडल्यास पीक चांगलं येईल’ हे केवल, असं वाक्यरूपांतर आपण सहज करतो. ‘पडला’ क्रियापद आहे आणि ‘पडल्यास’ धातुसाधित, हेही ठाऊक असतं. इंग्रजीतलं सुटं ‘सेलिंग’, ‘टु सेल’, ‘सोल्ड बाय’ हे तिथल्या ‘पडल्यास’च्या जातीचे. अर्थाचं भाषांतर सोडून ही जात ओळखण्याची सवय तेवढी इंग्रजीकडे न्यायची.

मराठीचा आणखी एक हिसका. ‘माझं गाव कोकणात’ एवढं म्हटलं तरी मराठीत भागतं, ‘आहे’ नसलं तरी चालतं. इंग्रजीत ‘माय व्हिलेज इन कोकण’ ही नुसती फ्रेज. ‘इज’ घातल्याशिवाय क्लॉज होत नाही. निबंधात अशी बिनक्रियापदाची वाक्यं सापडली तर मूळ इथे असतं.

शब्दाचाही घोटाळा आहे. प्रश्नपत्रिकांत ‘इडियम्स अँड फ्रेजेस’ अशी जोडी छापलेली असते, त्यामुळे फ्रेज म्हणजे वाक्प्रचार हे डोक्यात पक्कं बसतं आणि ‘ऑन द टेबल’सारख्या सपाट तुकड्याला फ्रेज म्हणायला मन धजत नाही. व्याकरणातली फ्रेज म्हणजे वाक्यांश. त्यात अलंकारिक काही असण्याची गरज नाही.

एडने संपणारे शब्द : सगळ्यात जास्त गुण इथे जातात

इंगवाला शब्द निदान वेगळा दिसतो. एडवाल्याचं दुखणं असं की भूतकाळ आणि पास्ट पार्टिसिपल (क्रियापदाचं तिसरं रूप) बहुतेक क्रियापदांत अक्षरशः सारखे असतात. ‘द मनी कलेक्टेड बाय द क्लास वेंट टु द फ्लड फंड’ यात ‘कलेक्टेड’ पाहिलं की भूतकाळच वाटतो. वाक्य आधीच कालचं, त्यामुळे काळ बदलायची चाचणीही चटकन लक्षात येत नाही. वाक्य आजचं केलं तर ‘वेंट’चं ‘गोज’ होतं आणि ‘कलेक्टेड’ तसंच राहतं, पण घाईत मुलं दोन्ही बदलून मोकळी होतात.

इथे दुसरं हत्यार वापरा. त्या क्रियापदाच्या जागी तिन्ही रूपं वेगळी असलेलं क्रियापद ठेवा. गिव्ह, गेव्ह, गिव्हन हे त्रिकूट बहुतेक ठिकाणी चालतं. नाहीतर टेक, टुक, टेकन किंवा राइट, रोट, रिटन. ‘द मनी गिव्हन बाय द क्लास’ बसतं, ‘द मनी गेव्ह बाय द क्लास’ बसत नाही. तिसरं रूप बसलं म्हणजे पार्टिसिपल, म्हणजे फ्रेज. ‘द क्लास कलेक्टेड द मनी’ घ्या: ‘द क्लास गेव्ह द मनी’ बसतं, ‘द क्लास गिव्हन द मनी’ अडखळतं. दुसरं रूप बसलं, म्हणजे फायनाइट, म्हणजे क्लॉज.

एडवाल्या शब्दाच्या आधी ‘दॅट वॉज’ घालून बघायची पद्धतही बरीच शिकवली जाते. ती चालते, पण निष्कर्ष उलटा काढू नका. ‘द मनी दॅट वॉज कलेक्टेड’ असं घालता आलं म्हणून मूळ तुकडा क्लॉज होत नाही. ‘दॅट वॉज’ तुम्ही घातलंत, तेव्हा तो क्लॉज झाला. घालावं लागलं, याचाच अर्थ मुळात तो फ्रेज होता.

हा सापळा इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही सुटत नाही. मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये दिलेलं ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’ हे वाक्य त्यासाठीच गाजलं. वाचणारा ‘रेस्ड’ला मुख्य क्रियापद धरतो आणि शेवटच्या ‘फेल’वर आपटतो. ‘रेस्ड’च्या जागी ‘रिडन’ ठेवा, गुंता सुटतो: कोठारावरून पळवत नेलेला घोडा पडला. रिडन तिसरं रूप, म्हणून ‘रेस्ड पास्ट द बार्न’ ही फ्रेज आणि ‘फेल’ हे खरं क्रियापद.

‘हिम क्रॉस द रोड’ हा क्लॉज का नाही

‘आय सॉ हिम क्रॉस द रोड.’ तो आहे, ओलांडणं आहे. तरी ‘हिम क्रॉस द रोड’ फ्रेजच. फायनाइट क्रियापदाचा कर्ता आय, ही, शी, वी, दे अशा रूपात येतो; मी, हिम, हर, अस, देम अशा रूपात नाही. शिवाय ‘हिम’बरोबर ‘क्रॉसेस’ होत नाही, एस चिकटत नाही. ‘मेक हर लाफ’, ‘लेट देम गो’, ‘आय वॉन्ट हिम टु कम’ सगळी याच घरची.

सर्वनामाऐवजी नाम असेल तर रूप दिसत नाही. मग सर्वनाम घालून बघा. ‘आय सॉ द बॉय क्रॉस द रोड’ मध्ये ‘द बॉय’ काढून ‘हिम’ जातं, म्हणून फ्रेज. ‘आय थिंक द बॉय क्रॉस्ड द रोड’ मध्ये ‘ही’ जातं, म्हणून क्लॉज. मघाच्या ॲब्सोल्यूट फ्रेजला मात्र ही युक्ती लावू नका. तिथे ‘ही हॅविंग लेफ्ट’ असंही होतं. तिथे ‘हॅविंग’ न हलणं हीच खूण.

आफ्टर, बिफोर, सिन्स बघून निकाल देणे

‘बिफोर दिसलं की क्लॉज’ असा पाठ केलेला नियम फाडून टाका. बिफोर, आफ्टर, सिन्स, टिल, अंटिल, ॲज, दॅन हे शब्द दोन्ही घरचे पाहुणे आहेत. ‘बिफोर द एक्झाम’ फ्रेज, ‘बिफोर लीव्हिंग द हॉल’ फ्रेज, ‘बिफोर द एक्झाम एन्डेड’ क्लॉज. ‘ॲज अ टीचर’ फ्रेज, ‘ॲज शी वॉज अ टीचर’ क्लॉज. पहिला शब्द सोडा, मागे फायनाइट आहे का ते बघा.

काही शब्दांची घरं मात्र ठरलेली आहेत. ड्यूरिंग, डिस्पाइट, इन स्पाइट ऑफ, बिकॉज ऑफ, ड्यू टु यांच्यामागे थेट क्लॉज येत नाही. बिकॉज, दो, ऑलदो, इफ, अनलेस यांच्यामागे येतो. लिहिताना होणाऱ्या निम्म्या चुका या दोन घरांची अदलाबदल झाल्याने होतात:

‘बिकॉज ऑफ आय वॉज इल’ चूक. ‘बिकॉज आय वॉज इल’ करा, नाहीतर ‘बिकॉज ऑफ इलनेस’.

‘डिस्पाइट ही वर्क्ड हार्ड’ चूक. ‘डिस्पाइट वर्किंग हार्ड’ किंवा ‘दो ही वर्क्ड हार्ड’.

‘ड्यूरिंग आय वॉज कुकिंग’ चूक. ‘व्हाइल आय वॉज कुकिंग’. ड्यूरिंग ठेवायचंच असेल तर मागे नाम हवं, ‘ड्यूरिंग लंच’सारखं.

‘व्हाइल क्रॉसिंग द रोड’, ‘इफ पॉसिबल’, ‘व्हेन इन्व्हायटेड’ इथे जोडणारा शब्द क्लॉजचा आणि मागे फायनाइट नाही. कर्ता आणि ‘इज’ किंवा ‘वॉज’ गाळलेले असतात. काही पुस्तकं याला संक्षिप्त क्लॉज म्हणतात, काही फ्रेज. रूपांतराच्या प्रश्नात धोका नको असेल तर गाळलेलं भरून ‘व्हाइल आय वॉज क्रॉसिंग’ लिहा. मग वाद उरत नाही.

‘व्हेअर टु गो’ आणि ‘व्हेअर आय शुड गो’ ही जोडीही बघून ठेवा. प्रश्नार्थक शब्दामागे ‘टु’ आलं की फ्रेज, कर्ता आणि फायनाइट आले की क्लॉज.

दिसत नाहीत असे क्लॉज

आतापर्यंत फ्रेजला क्लॉज म्हणण्याची चूक पाहिली. उलटी चूक तेव्हा होते, जेव्हा जोडणारा शब्दच गाळलेला असतो. ‘द बुक आय बॉट इन पुणे इज लॉस्ट.’ ‘विच’ नाही, ‘दॅट’ नाही, म्हणून अख्खं वाक्य सिम्पल वाटतं. काळ बदला: ‘बॉट’चं ‘बाय’ होतं, ‘इज’चं ‘वॉज’, म्हणजे दोन्ही हलतात. शोधायची खूण अशी: दोन नामं, किंवा नाम आणि सर्वनाम, मध्ये स्वल्पविराम किंवा ‘अँड’ नसताना एकमेकांना खेटून उभी असली (‘द बुक आय’), तर त्या फटीत बहुधा गाळलेला ‘दॅट’ असतो. ‘शी सेड ही वॉज टायर्ड’ मध्ये ‘सेड’ आणि ‘ही’ यांच्यामध्येही तोच.

‘हॅड आय नोन युवर नंबर, आय वुड हॅव कॉल्ड’ यात ‘इफ’ गेला आणि ‘हॅड’ पुढे आला. प्रश्न विचारल्यासारखी रचना आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, असं दिसलं की ‘इफ’ परत घालून बघा: ‘इफ आय हॅड नोन’. क्लॉज आहे. ‘शुड यू नीड हेल्प’ तसंच.

क्लॉज पोटात असलेली फ्रेज

आता नेहमी विचारला जाणारा अवघड प्रश्न. ‘इन द हाउस व्हेअर आय वॉज बॉर्न’ यात ‘वॉज’ आहे, ‘आय’ आहे. मग हा क्लॉज की फ्रेज? रेघ कुठपर्यंत आहे यावर उत्तर ठरतं. ‘इन’पासून रेघ असेल तर बाहेरचा डबा प्रिपोझिशनचा आहे, म्हणजे फ्रेज; त्या डब्यात ‘व्हेअर आय वॉज बॉर्न’ हा क्लॉज ठेवलेला आहे. ‘व्हेअर’पासून रेघ असेल तर क्लॉज. ‘क्लॉज अधोरेखित करा’ असं म्हटलं असेल तेव्हा ‘इन द हाउस’ आत घेतलं की उत्तर चुकतं.

सीमा ठरवताना शेजारचा शब्द कर्ता मानायची घाई नडते. ‘द गर्ल हू वन द प्राइझ लिव्ह्ज नेक्स्ट डोअर.’ ‘द प्राइझ लिव्ह्ज’ असं जवळजवळ दिसतं म्हणून ते जोडलं जातं. शेजारी कोण राहतं? बक्षीस नव्हे, मुलगी. म्हणून एक क्लॉज ‘द गर्ल लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’, आणि त्याच्या मध्ये घुसवलेला दुसरा ‘हू वन द प्राइझ’. मधला तुकडा उचलून बाहेर काढल्यावर उरलेलं वाक्य नीट चाललं, तर कापणी बरोबर जागी झाली आहे.

‘इट’ घालून बघायची चाचणी मात्र इथे वापरू नका. ‘आय नो हिज ॲड्रेस’ आणि ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’ या दोन्हींत शेवटच्या तुकड्याऐवजी ‘इट’ बसतं. त्यावरून तुकडा नामाचं काम करतो एवढंच कळतं. तो नाउन फ्रेज आहे की नाउन क्लॉज, हे फायनाइटच सांगतो.

पुस्तक एक सांगतं, इंटरनेट दुसरंच

‘टु विन द मॅच’ला शाळेचं पुस्तक इन्फिनिटिव्ह फ्रेज म्हणतं आणि एखादं परदेशी संकेतस्थळ इन्फिनिटिव्ह क्लॉज. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. १९८५ साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी लिहिलेल्या मोठ्या व्याकरणात क्लॉजचे फायनाइट, नॉन-फायनाइट आणि क्रियापदविरहित असे प्रकार धरले आहेत. २००२ च्या रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या व्याकरणातही नॉन-फायनाइट क्लॉज आहेत. शिवाय ते ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’ मधल्या ‘आफ्टर’ला प्रिपोझिशनच मानतात. भाषाशास्त्र म्हणून ही मांडणी जास्त नेटकी आहे, पण आपल्याकडची शालेय आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जुन्या व्याख्येवर चालतात: फायनाइट असेल तर क्लॉज. परीक्षेसाठी तीच धरा आणि एका उत्तरपत्रिकेत दोन पद्धती मिसळू नका.

ओळखून पुढे काय

सिम्पलचं कॉम्प्लेक्स आणि कॉम्प्लेक्सचं सिम्पल करताना हाच एक सांधा फिरवायचा असतो: फायनाइटचं नॉन-फायनाइट, किंवा उलट. ‘ॲज ही वॉज टायर्ड, ही स्लेप्ट अर्ली’ चं सिम्पल ‘बीइंग टायर्ड, ही स्लेप्ट अर्ली’. ‘वॉज’चं ‘बीइंग’ झालं, ‘ॲज’ आणि पहिला ‘ही’ गळाले.

गळणारा कर्ता मात्र कुठून तरी उसना घ्यावा लागतो, आणि इंग्रजी तो मुख्य क्लॉजच्या कर्त्याकडून घेते. म्हणून ‘वॉकिंग टु स्कूल, अ डॉग बिट मी’ लिहिलं तर शाळेत कुत्रा निघाला होता असा अर्थ होतो. ‘शाळेत जाताना मला कुत्रा चावला’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. दोन्हीकडे कर्ता वेगळा असेल तर फ्रेज करायच्या फंदात न पडता क्लॉज ठेवा: ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टु स्कूल, अ डॉग बिट मी.’ प्रश्नच ‘सिम्पल करा’ असा असेल, तर कर्ता ठेवून ॲब्सोल्यूट करा, जसं ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड’, किंवा क्रियेचं नाम करा.

हात बसवायला

उत्तर झाकून आधी स्वतः गोल करून बघा.

‘टु रीच द टॉप ऑफ राजगड बिफोर सनराइज’: फ्रेज. ‘टु रीच’ हलत नाही आणि ‘बिफोर’मागे नुसतं नाम आहे.

‘सिन्स लास्ट दिवाळी’ फ्रेज, ‘सिन्स वी मेट लास्ट दिवाळी’ क्लॉज.

‘व्हॉट द डॉक्टर प्रिस्क्राइब्ड’: क्लॉज. ‘व्हॉट द डॉक्टर गेव्ह’ बसतं.

‘द मेडिसिन प्रिस्क्राइब्ड बाय द डॉक्टर’: फ्रेज. इथे ‘गिव्हन’ बसतं.

‘द मेडिसिन द डॉक्टर प्रिस्क्राइब्ड’: अख्खा तुकडा नाउन फ्रेज, आतला ‘द डॉक्टर प्रिस्क्राइब्ड’ हा ‘दॅट’ गाळलेला क्लॉज. ‘मेडिसिन’ आणि ‘द डॉक्टर’ खेटून उभे आहेत ते बघा.

‘वी हर्ड हिम सिंग ॲट द गणपती फंक्शन’ मधलं ‘हिम सिंग’: फ्रेज. ‘ही’ नाही, ‘सिंग्ज’ही नाही.

‘शुड इट रेन, द मॅच विल बी शिफ्टेड टु संडे’ मधलं ‘शुड इट रेन’: क्लॉज. ‘इफ’ परत घातला की दिसतो.